‘माका बरा वाटना नाय’

मालवणच्या बंदरावर ‘डिप्रेशन’ हा शब्द आधी ओळखीचा झाला तो हवामानाच्या बातमीतून. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला, त्याचे डिप्रेशन झाले, होड्या बाहेर काढू नका, एवढाच त्याचा अर्थ. बाईच्या मनालाही तो लागू होतो हे आपल्याला पुष्कळ नंतर कळले, आणि तेही टीव्हीवरच्या मालिकांतून व नटनट्यांच्या मुलाखतींतून. म्हणून आजही आपल्या मोहल्ल्यांत समज असा आहे की हे दुखणे शहरातल्या, हातात रिकामा वेळ असलेल्या बायकांचे. पहाटे उठून डबे करणारी, विहिरीचे पाणी ओढणारी, सासऱ्यांची औषधे वेळेवर देणारी बाई आजारी पडली तर तिला बीपी असतो, अशक्तपणा असतो, फार तर नजर लागलेली असते. डिप्रेशन नसते.

भगिनींनो, या महिन्यात आम्हाला त्या दुखण्याविषयी बोलायचे आहे. पण लक्षणे आणि उपाय यांची यादी देऊन थांबायचे नाही, ती सगळीकडे मिळते. आपल्या घरातली बाई हे दुखणे कोणत्या भाषेत सांगते, ऐकणाऱ्याला ते कोणत्या भाषेत पोचते, आणि मधल्या वाटेत त्यातले काय काय गळून पडते, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

आपल्या सिंधुदुर्गातल्या मुस्लिम घरात किती भाषा एकत्र नांदतात, हे बाहेरच्याला सांगून खरे वाटत नाही. चुलीपाशी मालवणी. नमाज आणि तिलावत अरबीत. मकतब, बयान, निकाहाची दावत उर्दूत. शाळा, रेशनकार्ड, तलाठी, दवाखाना मराठीत, आणि गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत. त्यात सून बाहेरून आली की आणखी भर. रत्नागिरीकडची असेल तर ती ‘मना’ म्हणते, आपण ‘माका’ म्हणतो, आणि तिच्या त्या ‘मना’वरून नणंदा पहिली दोन वर्षे तिला चिडवतात. कोल्हापूर-बेळगावकडची असेल तर ती दखनी बोलते आणि मालवणी ऐकून गप्प बसते. सासरी बाई अबोल आहे असे आपण म्हणतो, पण ती माहेरी कशी बडबडत होती हे आपल्याला कुठे ठाऊक असते? परक्या बोलीत भाजीत मीठ मागता येते, भांडताही येते. रात्री तीन वाजता जाग येऊन छातीवर धोंडा ठेवल्यासारखे का वाटते, हे मात्र सांगता येत नाही.

आता दुःखासाठी या प्रत्येक भाषेत काय शब्द आहे ते पाहू.

उर्दूत ‘मायूसी’ आहे. पण हा शब्द आपण लहानपणापासून ऐकला तो बयानात, आणि तिथे तो गुनाह म्हणून येतो: अल्लाहच्या रहमतीपासून मायूस होऊ नये. मग जी बाई खरोखर मायूस झाली आहे तिने तो शब्द तोंडातून काढायचा कसा? काढला की ती स्वतःच्या ईमानाविरुद्धच साक्ष देते. मराठीतला ‘नैराश्य’ हा वर्तमानपत्रातला शब्द, आणि तिथे तो बहुधा आत्महत्येच्या बातमीत येतो. तो ऐकला की घरातले घाबरतात, बाई त्याहून जास्त घाबरते. ‘डिप्रेशन’ची गत वर सांगितलीच.

आणि मालवणीत? मालवणीत या दुखण्याला नाव नाही, वाक्ये आहेत. ‘माका बरा वाटना नाय.’ ‘काय करूचा वाटना नाय.’ ‘माझा मन खंयच लागना नाय.’ ‘जीव घाबरता.’ आमच्या मते डॉक्टरांच्या पुस्तकातली अर्धीअधिक लक्षणे या चार वाक्यांत आली. पण त्यांना कोणी आजार समजत नाही, ती रोजच्या बोलण्यात खपून जातात. ‘बरा वाटना नाय’ म्हटले की उत्तर ठरलेले: कषाय घे नि निज.

शिवाय मालवणीची एक अडचण अशी आहे की जिच्याविषयी कोणी बोलत नाही. ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवले, आणि आपली बोली महाराष्ट्रभर पोचली. त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण ती पोचली हसवणारी बोली म्हणून. घाटावरून बदली होऊन आलेल्या नर्सला, विदर्भातून आलेल्या तरुण डॉक्टरला मालवणी कानावर पडताच ओठांवर हसू येते. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. पण समोरची बाई ‘जीव घाबरता’ सांगत असते, आणि समोरचे हसू पाहून ती पुढचे वाक्य गिळते. मग ती अडखळत शाळेतल्या मराठीत सांगू लागते, आणि त्या मराठीत तिला येते ते एवढेच: ‘अंग दुखते. चक्कर येते. भूक नाही.’ डॉक्टर तेवढेच लिहून घेतात. ते तरी दुसरे काय लिहिणार?

हे फक्त आपल्या जिल्ह्यापुरते नाही. शेजारी गोव्यात या विषयावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले आहे. बांदा-सावंतवाडीची माणसे मोठ्या दुखण्याला बांबोळीला जातात, तिथली कोकणी आणि आपली मालवणी एकमेकींना समजतात, म्हणून तिथले निष्कर्ष आपल्याला दूरचे मानण्याचे कारण नाही. मूळचे मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी काही सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. त्याआधी ते आफ्रिकेत झिंबाब्वेला काम करत होते. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, अर्थ सरळ: फार विचार करणे. तिथल्या बायका डिप्रेशन झाले म्हणत नाहीत, ‘फार विचार होतो’ म्हणतात, आणि आरोग्य केंद्रातल्या प्रश्नावल्या त्यांच्या त्या शब्दांवरून तयार झाल्या. आपल्याकडेही ‘इचार करून करून तब्येत घालवली’ हे वाक्य किती घरांत ऐकू येते! ऐकणारा त्याला सल्ला म्हणून परत फिरवतो, ‘इचार करू नको’, आणि विषय संपतो.

गोव्यात पटेल आणि सहकाऱ्यांनी बायकांच्या ज्या तक्रारी तपासल्या त्यांत एक आपल्या प्रत्येकीच्या ओळखीची आहे. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, अशक्तपणा. बायका ती तक्रार घेऊन येतात आणि जंतुसंसर्गाच्या गोळ्या घेऊन जातात. तपासणीत दिसले की ही तक्रार सांगणाऱ्या पुष्कळ जणींना संसर्ग नव्हताच, मात्र मनावरचा ताण, उदासी, घरातला जाच यांच्याशी तिचे नाते घट्ट होते. याचा अर्थ त्या खोटे बोलत होत्या असा मुळीच नाही. थकवा खरा, कंबर खरी दुखते. पण बाईच्या अंगाला बोलायची परवानगी आहे, मनाला नाही, म्हणून मनाचे दुखणेही अंगाच्या भाषेत दवाखान्यात येते. (पांढरे जात असेल तर तपासणी करायचीच, हे सांगायला नको. ती करून गुण येत नसेल तर पुढचा प्रश्न विचारायचा.)

दुसरा अभ्यास बाळंतिणींचा. म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांची सहा ते आठ आठवड्यांनी विचारपूस केली, तेव्हा सुमारे २३ टक्के जणींत डिप्रेशन आढळले. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या बहुतेकींची मने बाळंतपणाआधीपासूनच खचलेली होती. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बेबनाव होता, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हेही होते. म्हापसा मालवणपासून काही फार लांब नाही. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळे मिळते, आणि ती रडायला लागली की ‘दूध आटात, रडू नको’ एवढे ऐकायला मिळते. चाळिसाव्याची गुसल झाली की बाई बरी झाली असे धरले जाते. आम्ही सांगतो, नेमके त्याच सुमारास तिच्याकडे बघा.

आता दवाखान्यातल्या त्या बाकड्याकडे येऊ. बाई एकटी जात नाही. सोबत सासू असते, नवरा असतो, नाहीतर शाळेत जाणारी मुलगी, कारण तिला मराठी चांगले येते. डॉक्टर विचारतात, काय होतेय? बाई मालवणीत किंवा दखनीत चार वाक्ये बोलते. सोबतचा माणूस त्याचे एक वाक्य करून सांगतो. आम्ही हे कानांनी ऐकले आहे. बाई म्हणाली, ‘पोरगो रडता तरी माका उठाक जमना नाय, असा वाटता मरान गेलंय तर बरा.’ सोबतच्याने सांगितले, ‘झोप नीट नाही तिची.’ डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. कोण चुकले म्हणायचे? सोबतच्याने इज्जत सांभाळली, डॉक्टरांनी ऐकले त्याचे औषध दिले. पण जे वाक्य ऐकल्यावर सगळी कामे बाजूला ठेवायला हवी होती, ते त्या बाकड्यावरच राहिले.

आणि ज्या घरी दुभाषी दहा-बारा वर्षांची मुलगी असते तिथे तर आणखी कठीण. आपली आई मरणाचे बोलते हे त्या पोरीने मराठीत करून परक्या माणसाला सांगायचे? ती सांगत नाही. सांगायला लावूही नये.

कुवेतला किंवा बोटीवर असलेल्या नवऱ्यापर्यंत तर यातले काहीच पोचत नाही. फोन येतो तेव्हा खोलीत चार माणसे असतात, मोबाइल हातातून हातात फिरतो, आणि बाईच्या वाट्याला जी दोन मिनिटे येतात त्यात ती म्हणते, ‘सगळा बरा आसा.’ नवऱ्यांना आम्ही एक सुचवू का? हा अंक तिकडे जाणाऱ्यांच्या बॅगेतूनही जातो, म्हणून लिहितो. आठवड्यातून एकदा तिला अशा वेळी फोन करा, जेव्हा ती एकटी असेल. पैसे पोचले का, हे त्या फोनवर विचारू नका.

ईमान कमजोर झाले म्हणून असे होते, असे म्हणणारे घरोघर आहेत. दुआ, नमाज, जिक्र यांनी मनाला आधार मिळतो हे आम्ही कोण नाकारणार? पण दुःखाला ईमानाची कमतरता म्हणण्याआधी आठवावे की हजरत याकूब (अलै.) मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची नजर गेली, आणि ज्या वर्षी हजरत खदीजा (रजि.) व अबू तालिब गेले त्या वर्षाला सीरतकारांनीच दुःखाचे वर्ष असे नाव दिले. आपल्याच हकीमांनी हा विषय हजार वर्षांपूर्वी हाताळला आहे. ९३४ साली वारलेले अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. त्यात ते दुःखाचे दोन प्रकार करतात: एक, ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते, कोणी गेले, काही हरवले, आणि दुसरे, ज्याचे कारण सापडत नाही, ज्याचे मूळ ते शरीरातल्या बिघाडात शोधतात आणि ज्याला औषधोपचार सांगतात. ‘तुला काय कमी आहे म्हणून रडतेस?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दुसऱ्या प्रकारात आहे. काही कमी नसतानाही हे होते.

मग करायचे काय?

गोव्यातलाच अनुभव पुन्हा उपयोगी पडतो. पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘मानस’ नावाचा मोठा प्रयोग केला, १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने घेऊन. डॉक्टर तेच ठेवले, फक्त त्यांच्या जोडीला स्थानिक, पदवीधर पण वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बायका प्रशिक्षण देऊन बसवल्या. त्या रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलायच्या, आजाराचे जड नाव न घेता ताण, टेन्शन असे रोजचे शब्द वापरायच्या, झोपेचे, श्वासाचे, घरच्या अडचणींचे मार्ग सुचवायच्या, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवायच्या. २०१० मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण अशी बाई असेल तिथे सुमारे ६६ टक्के होते आणि नसेल तिथे सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. नवीन औषध काही नव्हते. समजणाऱ्या भाषेत ऐकून घेणारे माणूस होते.

आपल्याकडे असे माणूस आहे का? आशाताई आहे. ती गावातलीच, मालवणी बोलणारी, घराघरात जाणारी. तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म ती भरते त्यात बीपी-साखरेबरोबर आता मनाविषयीचे दोन प्रश्नही आहेत: कशात गोडी वाटत नाही का, आणि मन खचल्यासारखे वाटते का. पण ती हे प्रश्न विचारते तेव्हा ओटीवर सगळे बसलेले असतात, आणि बाई ‘नाय, नाय’ म्हणून मोकळी होते. आशाताईंना आमची विनंती: ते दोन प्रश्न परसात विचारा. आणि कागदावरच्या मराठीत विचारू नका. ‘खिन्न वाटते का’ याला उत्तर ‘नाही’च येणार, तो शब्द तिने कधी वापरलेलाच नाही. ‘मन रमता काय? झोप लागता काय?’ विचारा, आणि मग थोडा वेळ गप्प बसा.

घरातल्यांनी लक्ष ठेवायची मुदत दोन आठवडे. रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटणे किंवा कशातच गोडी नसणे, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती बिघडणे, स्वतःला दोष देणे, हे दोन आठवडे टिकले तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे. रक्त आणि थायरॉईड तपासून घ्यावे, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. ‘आता हिला रत्नागिरीक धाडूचा’ ही थट्टा घरात बंद करावी. तिथल्या मनोरुग्णालयाचे नाव आपल्याकडे शिवीसारखे वापरले जाते, आणि त्या भीतीपायी कितीतरी जणी साध्या गोळ्यांनाही मुकतात.

जाण्याआधी एक करा. बाईने आदल्या दिवशी आपल्याला काय होते ते जसेच्या तसे, आपल्या बोलीत, कागदावर लिहावे. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करावे. कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा. सोबत न्यायची व्यक्ती बाईने निवडावी, घराने नाही: खाला, जाऊ, शेजारीण, कोणीही. आणि डॉक्टरांना निःसंकोच सांगावे की मला पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २२ ने रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्कच दिला आहे. मालवणीचे नाव त्यात नाही, पण ‘समजेल अशा’ यात ती येतेच.

गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करणे ही आपली नेहमीची खोड. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण त्या एकदम थांबवूही नयेत. रमजानमध्ये इफ्तार-सहरीच्या वेळा जुळवून घेता येतात, ते डॉक्टरांशीच बोलावे. अंगावर पाजत असाल तर तसे सांगावे.

आणि ते सर्वांत अवघड वाक्य. कोणी ‘मरान गेलंय तर बरा’ म्हणाली तर ‘अशुभ बोलू नको’ म्हणून तोंड बंद करू नका. विचारा: खरोखर जीव द्यावा असे मनात येते का? कसा, कधी, असे काही ठरवले आहेस का? असे विचारल्याने तो विचार मनात घुसतो हा गैरसमज आहे. उलट ती पहिल्यांदा मोकळी होते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटे सोडू नका, औषधे-कीटकनाशके आवरून ठेवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारच्या ‘टेली मानस’चा फुकट नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, दिवसरात्र. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलिस केस होईल या भीतीने लपवू नका. त्याच २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानून शिक्षेपासून दूर ठेवले आहे.

पुढच्या अंकासाठी वाचकांकडून एक हवे आहे. तुमच्या आजीच्या, आईच्या तोंडी या दुखण्याला काय म्हणत? मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले, बांदा, जिथले असाल तिथला शब्द किंवा वाक्य पोस्टकार्डावर लिहून पाठवा, नाव नाही लिहिले तरी चालेल. जमलेले शब्द आम्ही एकत्र छापू, म्हणजे तो कागद फाडून दवाखान्यात नेता येईल.